तळघरातला थंडा मामला

खरं सांगा, तुमच्या घरातला पसारा कुठे राहतो? माळ्यावर! आपल्याकडे नको असलेली, टाकवत नसलेली, ‘कधीतरी लागेल’ अशी प्रत्येक गोष्ट वर जाते. स्टूल घ्यायचं, त्यावर एकाने चढायचं, दुसऱ्याने खालून स्टूल धरायचं आणि शिंका देत देत बॅग आत ढकलायची. झालं! मग थेट दिवाळीपर्यंत विसरा.

कॅनडात मात्र सगळं उलटं असतं. तिकडे पसारा खाली जातो. जमिनीखाली, बेसमेंटमध्ये. आणि टोरांटोच्या आजूबाजूच्या बऱ्याच घरांमध्ये त्या बेसमेंटच्याही एका टोकाला, बरोब्बर पुढच्या दारातल्या ओट्याखाली, एक छोटीशी काँक्रीटची खोली असते. तिचं नाव कोल्ड रूम. नाव ऐकून सॉल्लिड वाटतं ना? मलाही वाटलं होतं. मग आमच्या बाबांची ट्रंक त्या खोलीत गेली आणि पुढचं रामायण घडलं.

तर मंडळी, आज जरा घरगुती मामला. पण तुमचा एखादा भाऊ, बहीण, मैत्रीण ब्रॅम्प्टन-मिसिसागाकडे असेल (आजकाल कुणाचं नसतं?), तर हे पान नक्की फॉरवर्ड करा. एखादी ट्रंक वाचेल.

ट्रंक निघाली सातासमुद्रापार

बाबा २०२१ मध्ये गेले. पुढच्याच वर्षी पेठेतली आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि आई नि मी कोथरूडला वन बीएचकेत भाड्याने राहायला आलो. वन बीएचकेत दोन माणसं मावतात, एका माणसाच्या आठवणी मावत नाहीत. बाबांना डायरी लिहायची सवय होती. म्हणजे काही थोर चिंतन वगैरे नाही हं. बँकेकडून फुकट मिळालेल्या डायरीत रोजचा हिशोब. दूध, भाजी, रिक्षा, आणि शेवटी एक ओळ, त्या दिवशी काय झालं त्याची. अशा तीसेक डायऱ्या, दोन अल्बम, आजीची एक पैठणी, काही पत्रं.

ताई २०१५ पासून ब्रॅम्प्टनला आहे. ती म्हणाली, “माझ्याकडे अख्खं बेसमेंट रिकामं आहे. दे पाठवून.” मी नाही म्हणत होते. आमचं यावरून जाम वाजलं. “तुला काय, तू तिथे असतेस, तुला सगळं मिळालंय,” हे ताईचं. आणि “तू इथे नव्हतीसच,” हे माझं. बहिणी भांडतात तेव्हा मुद्दा कधीच ट्रंकेचा नसतो, हे वेगळं सांगायला नको. शेवटी आईने निकाल दिला आणि ट्रंक बोटीने रवाना झाली.

मे २०२४ मध्ये मी सहा आठवड्यांसाठी ताईकडे गेले. दुसऱ्याच दिवशी म्हटलं, चला, ट्रंक बघू. ताई म्हणाली, “उद्या बघू.” उद्याचा परवा झाला. चौथ्या दिवशी तिने स्वतःच मला खाली नेलं, कोल्ड रूमचं दार उघडलं आणि काही न बोलता बाजूला उभी राहिली.

वास! पावसाळ्यात आठवडाभर न वाळलेल्या टॉवेलचा असतो तसा, पण दहापट. भिंतीवर पांढरे पोपडे, छताला काळे ठिपके, आणि ट्रंकेत... सगळ्यात खालच्या डायऱ्यांवर हिरवट लव. जिथे बाबांनी शाईच्या पेनाने लिहिलं होतं, तिथे निळं तळं. जिथे बॉलपेन वापरलं होतं, ते शाबूत.

“मागच्या थंडीत झालं,” ताई म्हणाली. “तुला सांगायची हिंमत झाली नाही. आईला सांगू नकोस.”

माझ्याकडे त्या क्षणी सुनवायला बरंच काही होतं. पण ताईचा चेहरा बघून म्हटलं, राहू दे. आधी हे झालं का ते शोधू या. मास कॉममध्ये आम्हाला पहिल्या दिवशी जे घोकून घेतलं होतं ना, कोण, काय, कधी, कुठे, का, ते कधीतरी कामाला यायचंच होतं.

ही खोली आली कुठून?

टोरांटोच्या थंडीत जमीन गोठते, म्हणून घराचा पाया साधारण ४ फुटांपेक्षा खाली न्यावा लागतो. पुढच्या दाराच्या ओट्यालाही तसाच खोल पाया लागतो. आता एवढं खणलंच आहे, तर आत पुन्हा माती कशाला भरा? वर काँक्रीटचा स्लॅब टाकला, बेसमेंटमधून दार काढलं, की खोली तयार! छत म्हणजे खुद्द ओटा. त्यावर पाऊस, बर्फ, बर्फ वितळावा म्हणून टाकलेलं मीठ, सगळं थेट. आणि उबेसाठी काही नाही, कारण ती थंड राहावी हीच तर इच्छा!

ताईच्या शेजारी एक इटालियन आजोबा राहतात. साठच्या दशकात बोटीने आलेले. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीतून टोरांटोकडे खूप लोक आले, त्यांतलेच एक. ते या खोलीला ‘कांतीना’ म्हणतात. त्यांच्या कांतीनात मी गेले तर काय, फुल्ल टू जत्रा! घरच्या वाइनच्या काचेच्या मोठ्या बरण्या, टोमॅटो सॉसच्या बाटल्यांच्या रांगा, वरून टांगलेली सॉसेजेस. आपली आजी बेगमीचं लोणचं ज्या अभिमानाने दाखवायची ना, अगदी तस्संच.

मी त्यांना आमची कहाणी सांगितली. आजोबांनी डोक्याला हात लावला. म्हणाले, “पोरी, पुस्तक म्हणजे बटाटा नव्हे!”

हसू नका, अख्ख्या प्रकरणाची चावी याच वाक्यात आहे. बटाट्याला थंडावा हवा आणि हवेत ९० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता हवी, नाहीतर तो सुरकुततो. गाजराला तर त्याहूनही जास्त. कागदाला, कापडाला, फोटोंना मात्र ५० टक्क्यांच्या वर नकोच. ६० ओलांडली की बुरशीची चंगळ. म्हणजे जी खोली भाजीसाठी फर्स्टक्लास, ती डायरीसाठी कर्दनकाळ. खोली वाईट नव्हती. आम्ही तिला चुकीची नोकरी दिली होती!

पाणी येतं कुठून?

ताईचं म्हणणं, छत गळतं. जिजूंचं म्हणणं, भिंतीतून ओल येते. आजोबांचं म्हणणं, हवेतून येतं. खरा गुन्हेगार कोण? याची एक स्वस्त आणि मस्त टेस्ट आहे. दीड फूट बाय दीड फुटाचा प्लॅस्टिकचा जाड तुकडा घ्यायचा, चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून काँक्रीटवर घट्ट चिकटवायचा आणि एक-दोन दिवस थांबायचं. प्लॅस्टिकच्या मागे पाणी दिसलं, तर ओल काँक्रीटमधून येतेय. पुढच्या बाजूला, म्हणजे खोलीकडे दिसलं, तर हवेतली वाफ गारठून तिथे बसतेय.

आम्ही चार ठिकाणी तुकडे लावले. निकाल? तिघंही बरोबर! ओट्याच्या पायऱ्यांखालच्या कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या मागे पाणी. बाकी सगळीकडे पुढे.

हवेचा मामला जरा समजून घ्या, फार इंटरेस्टिंग आहे. २० अंशांची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त १७ ग्रॅम वाफ धरू शकते. तीच हवा शून्य अंशावर नेली, तर फक्त ५ ग्रॅम. उरलेली वाफ जाणार कुठे? पाणी होऊन समोरच्या गार भिंतीवर बसणार. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम सुटतो ना, तसा. हिवाळ्यात घरातली उबदार हवा दाराच्या फटीतून कोल्ड रूममध्ये शिरते आणि गोठलेल्या छताला चिकटते. काही वेळा तर तिथे चक्क हिम जमतं आणि ऊब वाढली की टपटप खाली. ताईला वाटायचं छत गळतंय, ते बऱ्याचदा हेच!

आणि उन्हाळ्यात? “व्हेंट उघडं ठेव, हवा खेळू दे,” असा सल्ला सगळे देतात. पण बाहेर २८ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर ती हवा २२ अंशांना टेकली की तिला घाम फुटतो. जमिनीखालची भिंत त्याहून गार असते. म्हणजे व्हेंट उघडून आपण ओल बाहेर घालवत नाही, आमंत्रण देऊन आत बोलावतो. हायला! हे कळल्यावर जिजू पाच मिनिटं गप्प बसले होते.

कारण त्याआधी जिजूंनी एक पराक्रम करून ठेवला होता. वर्षभरापूर्वी भिंतींना गुलाबी फायबरग्लासचा कापूस लावून, वर प्लॅस्टिक ताणून, ‘इन्सुलेशन’ केलं होतं. आम्ही ते काढलं. मागे काळंकुट्ट! कापसातून हवा आरपार जाते, मागच्या गार काँक्रीटवर पाणी होते, आणि तो ओला कापूस तसाच राहतो. बुरशीला आयतं अंथरूण-पांघरूण!

दोनच रस्ते, तिसरा नाही

इथे एक फंडा क्लिअर हवा. अशा खोलीचं तुम्ही दोनपैकी एकच काहीतरी करू शकता.

एक, तिला मनापासून थंड ठेवा. म्हणजे ती घराबाहेरची खोली आहे असं समजा. घर आणि ती खोली यांच्यामधल्या भिंतीला इन्सुलेशन, बाहेरच्या दाराला लावतात तसं जाड दार, कडेने रबराची पट्टी, आणि दोन व्हेंट, एक जमिनीजवळ, एक छताजवळ. मग त्यात बटाटे ठेवा, वाइन ठेवा, लोणचं ठेवा. आजोबांचा कांतीना असाच आहे.

दोन, तिला पूर्णपणे घरात घ्या. व्हेंट बंद, भिंती आणि छत आतून इन्सुलेट, आणि घरातली हवा तिथेही फिरती ठेवा. मग ती कोरडी राहते.

अर्धं हे, अर्धं ते केलं की वाट लागते. ताईची खोली नेमकी अशी अधांतरी होती. आतलं साधं पोकळ दार, एकच व्हेंट, वर कापूस.

आम्ही दुसरा रस्ता घेतला. आणि सगळा जून त्यात गेला. पण क्रम महत्त्वाचा, म्हणून सांगते.

सगळ्यात आधी बाहेरचं पाणी. छपराच्या पन्हळीचा पाइप बरोब्बर ओट्याच्या कोपऱ्यात पाणी ओतत होता. त्याला ६ फुटांचा तुकडा जोडून तोंड लांब नेलं. ओटा आणि घराची भिंत यांच्यामध्ये बोटभर फट होती, ती साफ करून सीलंट भरलं. मग चक्क पावसाची वाट बघितली! तीन पाऊस झाले, कोपरा कोरडा राहिला, तेव्हाच पुढे सरकलो. ही पायरी गाळून थेट फोम मारला, तर गळती थांबत नाही, फक्त दिसायची थांबते.

मग सफाई. भिंतीवरचे पांढरे पोपडे म्हणजे बुरशी नाही बरं का. पाणी काँक्रीटमधून येताना क्षार घेऊन येतं, ते उडून गेलं की क्षार मागे राहतात. पाणी शिंपडल्यावर विरघळलं तर क्षार, नाही तर बुरशी. क्षार कोरड्या ब्रशने निघतात. बुरशी डिटर्जंट आणि पाण्याने घासायची, एन-९५ मास्क, हातमोजे आणि गॉगल लावून. दहा चौरस फुटांपेक्षा जास्त पसरली असेल, तर मात्र हिरोगिरी नको, जाणकाराला बोलवा.

मग इन्सुलेशन. भिंतींना २ इंच जाडीचे फोमचे कडक बोर्ड, थेट काँक्रीटला चिकटवून. जोड टेपने बंद, कडा फोमने बंद. सगळी गंमत इथे आहे: घरातल्या हवेला गार काँक्रीटपर्यंत पोचूच द्यायचं नाही. छत ओबडधोबड होतं म्हणून तिथे स्प्रे फोम, तो लायसन्सवाल्या माणसाकडूनच. त्या दिवशी आम्हाला २४ तास घराबाहेर राहायला सांगितलं, तर आम्ही सगळे नायगारा बघून आलो. म्हणजे इन्सुलेशनचा असाही फायदा! फोम उघडा ठेवायचा नसतो, आग लागली तर भयंकर पेटतो, म्हणून वरून जिप्समचे बोर्ड. जमिनीवर फोम आणि प्लायवूड. व्हेंट बंद. आणि जुन्या दाराच्या जागी फटीफटींचं झडपांचं दार, घरची हवा खेळती राहावी म्हणून.

एकूण खर्च? जिजूंनी आकडा सांगितला, मी मनातल्या मनात रुपयांत केला आणि लगेच विसरले. विसरलेलं बरं असतं.

आणि डायऱ्या?

दिवसा खोली, रात्री डायऱ्या, असं आमचं शेड्यूल होतं. ओल्या डायऱ्या पंख्याच्या मंद वाऱ्यात, पानांमध्ये टिपकागद घालून सुकवल्या. पूर्ण सुकल्यावर मास्क लावून, बाहेर अंगणात बसून, मऊ ब्रशने एकेक पान झटकलं. ओल्यावर घासलं की बुरशी आत मुरते, हे एका डायरीचं नुकसान करून कळलं. शाई वाहून गेलेली पानं परत येत नाहीत. सात डायऱ्या गेल्या. सात वर्षांचं दूध, भाजी आणि रिक्षा.

सगळ्यात खाली १९९७ ची होती. माझं वर्ष. ताईने ती मुद्दाम शेवटी काढली. पानं एकमेकांना चिकटलेली, कडा काळ्या. ताईने पट्टीने हळूच एकेक पान सोडवलं. मी जन्मले त्या दिवसाचं पान सापडलं, बॉलपेनने लिहिलेलं. ‘रिक्षा दोनदा. पेढे अर्धा किलो.’ आणि खाली एकच ओळ: ‘मोठीने धाकटीला हात लावला, लगेच झोपली.’

कोण झोपलं, मोठी की धाकटी, ते बाबांनी लिहिलेलं नाही. आम्ही यावरूनही वाद घातला. पण या वेळी मजेत.

आता सगळ्यात मोठा ट्विस्ट. एवढा घाट घालून कोरड्या केलेल्या त्या खोलीत ट्रंक ठेवलीच नाही! पाणी खाली जातं, हा निसर्गाचा नियम आहे. बेसमेंट कितीही छान झालं, तरी एखादा पाइप फुटला की पहिलं पाणी तिथेच. जी गोष्ट पुन्हा मिळणार नाही, ती जमिनीखाली ठेवायची नाही, हा आमचा धडा. डायऱ्या आता वरच्या मजल्यावर, ताईच्या बेडरूमच्या कपाटात आहेत. पैठणी मलमलच्या कापडात. खाली काय आहे? बर्फातले टायर, सुटकेसेस, गणपतीचं मखर, पिठाची पोती. या जानेवारीत बाहेर उणे १५ असताना ताईने मीटरचा फोटो पाठवला. आत १७ अंश, आर्द्रता ४१ टक्के. खाली लिहिलं होतं, “बघ!” जणू दहावीचा रिझल्ट!

आणि आईला? आम्ही सांगितलं शेवटी. व्हिडिओ कॉलवर दोघी शेजारी बसून, शाळेतल्यासारख्या माना खाली घालून. आई थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “अगं, पेठेतल्या घरीसुद्धा दर पावसाळ्यात वास यायचा त्यांना. तुमचे बाबा दसऱ्याच्या आधी गच्चीत ऊन दाखवायचे. तुम्हाला कुणी सांगितलंच नाही, चूक माझी.”

या ऑक्टोबरमध्ये ताई ऊन दाखवणार आहे. ब्रॅम्प्टनमध्ये ऑक्टोबरचं ऊन कितीसं असणार म्हणा! पण दाखवायला हवं.

झटपट टिप्स

• तीन-चार ठिकाणी प्लॅस्टिकची टेस्ट केल्याशिवाय एक पैसाही खर्च करू नका.

• ओल्या भिंतीवर वॉटरप्रूफ रंग मारू नका. पोपडे धरून परत येतो.

• आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर घ्या. ५० च्या आत असेल तर निवांत, ६० च्या वर गेलं तर डीह्युमिडिफायर लावा.

• पुठ्ठ्याचे खोके बाद! ओल शोषतात आणि बुरशीला खायलाही घालतात. झाकणाचे प्लॅस्टिकचे डबे वापरा, पण आतली वस्तू आधी पूर्ण कोरडी हवी.

• शेल्फ धातूचं, जमिनीपासून चार इंच वर, भिंतीपासून दोन इंच लांब.

• इन्सुलेशनच्या कामाला परवानगी लागते का, ते आधी तिथल्या नगरपालिकेत विचारा.

• आणि घरच्यांपासून काही लपवून ठेवलं असेल, तर त्यालाही वेळेवर ऊन दाखवा. ओल तिथेही धरते.